टी. व्ही. ला संगणक कसा जोडावा?

टी. व्ही. आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. संगणकही आता ओळखीचा झाला आहे. परंतु टी. व्ही. च्या पडद्यावर संगणक चालतो, हे किती जणांना माहीत आहे? मी वर्गात विचारले तर चारच हात वर आले. म्हणून भित्तिपत्रकासाठी मी हा विषय घेतला. कविता आणि कोडी दर महिन्याला असतातच.

प्रथम संगणकाचे भाग पाहू. टी. व्ही. सारखा जो दिसतो त्यालाच आपण कॉम्प्युटर म्हणतो. खरं म्हणजे तो नुसता मॉनिटर. त्याचे काम फक्त दाखवायचे. विचार करतो तो शेजारचा उभा डबा. त्याला सगळे सी. पी. यू. म्हणतात. गुरुजी सांगतात की सी. पी. यू. ही त्या डब्याच्या आतली एक लहानशी चिप असते, पण आता अख्ख्या डब्यालाच ते नाव पडले आहे. आपण जे काही टाईप करतो ते त्या डब्यात राहते. मॉनिटरमध्ये काहीच राहत नाही. आरशात आपलं तोंड दिसतं, पण आरसा फुटला म्हणून तोंड फुटत नाही. तसंच हे आहे.

हे सांगायचे कारण असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेच्या संगणकाचा मॉनिटर लागेना. पडदा काळा तो काळाच. सगळे म्हणाले, "कॉम्प्युटर गेला." शाळेत आलेले एक काका म्हणाले, "सोमवारी भंगारवाला येतोय, देऊन टाका त्याला. उगं जागा अडवून बसलंय." पण त्या डब्यात मागच्या तीन वर्षांच्या चौथीच्या मुलामुलींनी टाईप केलेल्या ओव्या आहेत. घरोघर जाऊन, आज्ज्यांच्या तोंडून ऐकून आणलेल्या. त्यातल्या दोन आज्ज्या आता नाहीत. वह्या ज्याच्या त्याने घरी नेल्या, त्यांचं काय झालं कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे त्या दोन आज्ज्यांच्या ओव्या फक्त त्या डब्यात उरल्या होत्या.

डबा जिवंत आहे की नाही हे मॉनिटर नसतानाही कळते. बटण दाबल्यावर आतला पंखा फिरतो का ते कान लावून ऐकावे. मग कीबोर्डवर उजवीकडे वर 'नम लॉक' नावाची कळ असते, ती दाबावी. तिचा एक बारीक दिवा असतो. कळ दाबली की दिवा लागतो, परत दाबली की विझतो. तसं होत असेल तर संगणक आपलं ऐकतो आहे, फक्त त्याला दाखवता येत नाही. आपल्या संगणकाचा दिवा लागत होता आणि विझत होता. गुरुजी म्हणाले, "जीव आहे."

आता दाखवायला दुसरा पडदा पाहिजे. शाळेत टी. व्ही. आहे, गावाच्या लोकवर्गणीतून घेतलेला, ३२ इंची. मग तो का चालू नये?

चालतो. आणि ही काही नवी युक्ती नाही. घरात वापरायचे संगणक पहिल्यांदा निघाले तेव्हा बहुतेकांना मॉनिटर नसायचाच. १९७६ साली अमेरिकेत स्टीव्ह वोझ्नियाक यांनी ॲपल-१ नावाचा संगणक बनवला. विकत घेणाऱ्याला फक्त एक तयार बोर्ड मिळायचा. कीबोर्ड आणि पडदा ज्याचा त्याने जोडायचा. १९८२ साली इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक निघाला. त्याची वायर टी. व्ही. च्या अँटेनाच्या जागी लावायची. मग टी. व्ही. चे बटण फिरवून, दूरदर्शन लावावे तसा संगणक लावायचा! म्हणजे तो संगणक स्वतःच एक बारीकसे दूरदर्शन केंद्र होत असे. त्याचा कार्यक्रम फक्त एका घरात दिसायचा. मला ही गोष्ट फार आवडली. भारत सरकारने १९८४ साली शाळांत संगणक शिकवायला 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आणले होते. त्यालाही टी. व्ही. ची वायर लावायची जागा होती.

मग मॉनिटर वेगळा का काढला? कारण अक्षरे. जुन्या टी. व्ही. त एक मोठी काचेची नळी असायची आणि चित्र आडव्या रेघांनी काढले जायचे. आपल्या देशात एका चित्राला ६२५ रेघा, आणि एका सेकंदात २५ चित्रे. माणसे, झाडे, क्रिकेट दिसायला तेवढे पुरे. पण बारीक अक्षरे फिसकटायची. म्हणून स्पेक्ट्रमच्या पडद्यावर एका ओळीत फक्त ३२ अक्षरे मावत आणि ओळी २४ असत. ३२ अक्षरांत काय होतं? मी माझ्या शाळेचे पूर्ण नाव इंग्रजीत लिहून मोजले, ते एका ओळीत बसत नाही. कचेरीतल्या लोकांना पत्रे लिहायची असत, हिशेब करायचे असत. त्यांच्यासाठी बारीक अक्षर नीट दाखवणारा मॉनिटर वेगळा बनवू लागले. पुढे काचेची नळी गेली, चपटे पडदे आले. आता टी. व्ही. त आणि मॉनिटरमध्ये एकाच जातीचा पडदा असतो. वेगळे निघालेले दोन भाऊ परत एका घरात राहायला आले म्हणा ना.

आता पडदा म्हणजे काय ते पाहू. मुलींना हे लवकर समजेल, कारण आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. पडद्यावर ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. रांगोळीत पंधरा ठिपके पंधरा ओळी म्हणतो, तसे आपल्या टी. व्ही. त १३६६ ठिपके आणि ७६८ ओळी आहेत. गुणाकार केला तर १०,४९,०८८ येतात. दहा लाखांच्या वर ठिपके! स्पेक्ट्रमचे २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ होते. ज्या टी. व्ही. वर फुल एच. डी. लिहिलेले असते त्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. (गुणाकार तिसरीच्या मुलांनी करून पाहावा.)

पडदा ३२ इंची म्हणजे रुंदीला ३२ इंच नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. ३२ इंच म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर. रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ४० सेंटिमीटर भरते. आता १३६६ ठिपके ७१ सेंटिमीटरमध्ये बसवले तर एका मिलिमीटरात साधारण दोनच ठिपके येतात. साडेअठरा इंची मॉनिटरमध्येही पुष्कळदा तेवढेच १३६६ ठिपके असतात, पण जागा ४१ सेंटिमीटर. तिथे एका मिलिमीटरात तीनापेक्षा जास्त ठिपके. म्हणून टी. व्ही. ला नाक लावून बसले तर अक्षरे खडबडीत दिसतात. मोठा पडदा म्हणजे जास्त ठिपके असं नव्हे. तेच ठिपके लांब लांब मांडलेले असतात. टी. व्ही. पासून जरा लांब बसले की सगळे गुळगुळीत दिसते.

आता मुख्य काम, जोडणी. संगणकाच्या डब्याच्या मागे आणि टी. व्ही. च्या मागे किंवा बाजूला खाचा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. दोन्हीकडे सारखे पोर्ट असतील तर एकच वायर पुरते. जुन्या संगणकाला निळ्या रंगाचा पोर्ट असतो, त्याला व्ही. जी. ए. म्हणतात. हा १९८७ साली आला. त्याच्या वायरीच्या तोंडात पाच-पाच टाचण्यांच्या तीन ओळी असतात, म्हणजे १५, आणि दोन बाजूंना हाताने फिरवायचे दोन स्क्रू. नवीन टी. व्ही. ला आणि लॅपटॉपला चपटा पोर्ट असतो, त्याचे नाव एच. डी. एम. आय. तो २००२ साली आला. त्यात १९ बारीक पट्ट्या असतात. पण त्या आत असल्याने वाकत नाहीत, हे चांगले आहे.

व्ही. जी. ए. च्या टाचण्या वाकतात. तोंडाचा आकार एका बाजूने रुंद, एका बाजूने अरुंद असतो, तो पाहूनच घालावे. जोर लावू नये. जात नसेल तर उलटं धरलं आहे असे समजावे. आणि एक टाचणी नसली तरी घाबरू नका. मधल्या ओळीतली नववी टाचणी पुष्कळ वायरींत मुद्दामच ठेवलेली नसते. आमच्या वर्गातला एक जण "तुटली, तुटली" म्हणून ओरडत सुटला होता.

प्रत्येक टाचणीला वेगळे काम असते. पहिली लाल रंग नेते, दुसरी हिरवा, तिसरी निळा. तीनच रंग, आणि त्यांच्या मिश्रणातून सगळे रंग होतात. (हे रंगपेटीसारखे नाही. रंगपेटीत सगळे रंग मिसळले की चिखल होतो. उजेडाचे तीन रंग मिसळले की पांढरा होतो.) म्हणून रंग बिघडला तर कोणती टाचणी नीट लागली नाही ते ओळखता येते. निळ्याची टाचणी लागली नाही तर पांढरे पान हळद लावल्यासारखे पिवळे दिसते. हिरव्याची लागली नाही तर जांभळट गुलाबी. लाल गेला तर आकाशी. तेरावी आणि चौदावी टाचणी ओळ कुठे सुरू करायची व चित्र कुठे सुरू करायचे ते सांगतात. बारावी आणि पंधरावी फार हुशार आहेत. त्यांच्यावाटे संगणक पडद्याला विचारतो, "बाबा, तुझे ठिपके किती?" पडदा सांगतो. मग संगणक तेवढ्याच मापाचे चित्र पाठवतो. काही स्वस्त वायरींत या दोन तारा घातलेल्याच नसतात. मग संगणक अंदाजाने काहीतरी पाठवतो आणि अक्षरे पसरट दिसतात.

आपली अडचण अशी होती की शाळेच्या संगणकाला फक्त निळा पोर्ट आणि टी. व्ही. ला फक्त एच. डी. एम. आय. अशा वेळी मध्ये एक डबी लावावी लागते. तिला कन्व्हर्टर म्हणतात. नुसती दोन तोंडांची वायर घेऊन भागत नाही. का भागत नाही? हे मला माझ्या चुलतभावाने सांगितले. तो आय. टी. आय. ला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो.

समजा, आपल्या वाटीत किती दूध आहे ते दुसऱ्या गल्लीत कळवायचे आहे. एक रीत म्हणजे ती वाटीच नेऊन दाखवायची. नेताना थोडे हिंदकळते, सांडते, पोचेपर्यंत थोडा फरक पडतो. दुसरी रीत म्हणजे चिठ्ठीवर आकडा लिहून पाठवायचा. चिठ्ठी चुरगळली तरी आकडा तोच राहतो. व्ही. जी. ए. ही वाटीची रीत आहे. तारेतून वीज कमीजास्त होते, ० पासून ०.७ व्होल्टपर्यंत. कमी म्हणजे अंधार, जास्त म्हणजे उजेड. एच. डी. एम. आय. ही चिठ्ठीची रीत आहे. प्रत्येक ठिपक्याच्या तिन्ही रंगांचे आकडे पाठवतात. साधारणपणे प्रत्येक रंगाला ० पासून २५५ पर्यंत आकडा. म्हणजे रंगाच्या छटा २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, उत्तर १,६७,७७,२१६. आपल्याला एवढ्या रंगांची नावेही नाहीत.

तर कन्व्हर्टरमध्ये वाटी बघून चिठ्ठी लिहिणारा बसलेला असतो. म्हणून त्याला वीज लागते. त्याची एक शेपटी यू. एस. बी. ची असते, ती संगणकातच खोचायची, तिथून त्याला वीज मिळते. आणि वाटी बघून चिठ्ठी लिहिणाऱ्याला चिठ्ठी वाचून वाटी भरता येत नाही. ते काम वेगळे. म्हणून दुकानात जाऊन नुसतं "व्ही. जी. ए. एच. डी. एम. आय. ची डबी द्या" म्हणू नये. "संगणकाकडून व्ही. जी. ए., टी. व्ही. कडे एच. डी. एम. आय." असे नीट सांगावे. दोन्ही डब्या दिसायला बहिणी-बहिणी. तालुक्याच्या दुकानदाराने गुरुजींना पहिल्यांदा उलटीच डबी दिली होती. चार दिवस गेले. एस. टी. चे भाडेही गेले, आणि मध्ये तो सोमवारही येऊन गेला. पण गुरुजींनी डबा कपाटात घालून कुलूप लावून ठेवले होते. भंगारवाल्याने नुसता जुना पंखा नेला.

जोडण्याच्या आधी विजेचे. हे नीट वाचा, इथे घाई करू नका. संगणकाचा प्लग तीन पिनांचा असतो. मोठी जाड पिन अर्थिंगची. काही लोक ती पिन मोडून दोन भोकांच्या बोर्डात लावतात. किंवा बोर्ड तीन भोकांचा असतो पण मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. अशा वेळी संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. दादाने टेस्टर लावून दाखवला, टेस्टर चक्क लागला. संगणक बिघडलेला नव्हता. त्याच्या आतल्या भागातून थोडी वीज पत्र्यावर येते आणि ती अर्थिंगने जमिनीत जायची असते. वाटच नसेल तर ती आपल्या बोटातून जाते, नाहीतर वायरीतून टी. व्ही. त जाते आणि टी. व्ही. चा पोर्ट जळू शकतो. म्हणून आधी अर्थिंग मोठ्या माणसाकडून, वायरमनकडून नीट करून घ्यावे. दुसरे म्हणजे वायर जोडताना दोन्ही प्लग बोर्डातून बाहेर काढून ठेवावेत. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि टी. व्ही. व संगणक दोन्ही एकाच बोर्डावर लावावेत. टी. व्ही. ला छत्रीची वायर असेल तर तीही काढावी. वळवाच्या पावसात तर काढावीच, कारण वीज छपरावर पडली तर त्या वायरीतून आत येते. पहिलीदुसरीच्या मुलांनी यातले काहीही स्वतः करू नये.

मग सगळ्या वायरी लावायच्या. निळी वायर संगणकाला, तिचे दुसरे टोक डबीला, डबीतून एच. डी. एम. आय. टी. व्ही. ला. डबीची शेपटी यू. एस. बी. त. व्ही. जी. ए. मधून आवाज जात नाही, त्यात फक्त चित्र असते. म्हणून डबीला एक गोल भोक असते. तिथून एक बारीक वायर संगणकाच्या हिरव्या भोकात लावली की आवाजही टी. व्ही. तून येतो. संगणकालाच एच. डी. एम. आय. असेल तर ही खटपट नाही, एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

आधी टी. व्ही. लावावा, मग संगणक. कारण संगणक सुरू होताना पडद्याला ठिपके विचारतो, आणि पडदा झोपलेला असेल तर उत्तर कोण देणार? टी. व्ही. च्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' असे बटण असते. ते दाबून ज्या पोर्टात वायर लावली त्याचे नाव निवडायचे. एच. डी. एम. आय. १ की २ हे पोर्टाजवळ लिहिलेले असते.

"नो सिग्नल" अशी पाटी आली तर रडू नये. त्याचा अर्थ टी. व्ही. चांगला आहे, पण त्याच्याकडे काही पोचलेले नाही. सोर्स चुकीचा आहे का, वायर सैल आहे का, डबीची शेपटी लागली आहे का ते पाहावे. "सपोर्ट करत नाही" अशी पाटी आली तर गोष्ट वेगळी. चित्र पोचले आहे पण माप टी. व्ही. ला झेपत नाही. मग दुसऱ्या कोणाचा मॉनिटर थोडा वेळ लावून संगणकातले माप लहान करावे लागते. लॅपटॉपला स्वतःचा पडदा असतो, म्हणून टी. व्ही. जोडला तरी कधीकधी तो आपल्यापुरताच दाखवत बसतो. त्यावर खिडकीचे चित्र असलेली विंडोज कळ आणि 'पी' एकदम दाबायचे. मग तो विचारतो, माझ्यावरच दाखवू, दोन्हीकडे सारखे दाखवू, दोन्ही जोडून एक लांब पडदा करू, की फक्त टी. व्ही. वर दाखवू?

आपल्याकडे पहिल्याच दिवशी चित्र आले. शाळेचा तोच हिरवा डोंगर, पण केवढा मोठा! सगळी मुले ओरडली. पण गुरुजींनी आधी कोणालाच माऊस दिला नाही. त्यांनी ओव्यांची फाईल दोन पेन ड्राइव्हवर उतरवली. एक शाळेच्या कपाटात आणि एक गुरुजींच्या घरी. मग म्हणाले, "हं, आता या."

पडद्याच्या चारी कडा मात्र कापलेल्या होत्या. खालची पट्टी अर्धीच दिसत होती. हे जुन्या काचेच्या टी. व्ही. चे वळण आहे. त्यांची कड वेडीवाकडी यायची, म्हणून चित्र थोडे मोठे करून कड चौकटीमागे लपवत. चपट्या पडद्याला त्याची गरज नाही, तरी पुष्कळ टी. व्ही. अजून तसेच करतात. बातम्या पाहताना कळत नाही, संगणक लावला की कळते. रिमोटवरून चित्राच्या मापात जाऊन 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल' असे जे असेल ते लावावे. काही टी. व्ही. त त्या सोर्सला 'पी. सी.' असे नाव दिले की आपोआप नीट होते. माऊसचा बाण हळू हळू मागून येत असेल तर त्यावरही हाच उपाय, किंवा 'गेम' नावाची सोय लावावी. टी. व्ही. प्रत्येक चित्र छान करण्यात वेळ घालवतो, म्हणून बाण उशिरा येतो. आईने भाजीवर कोथिंबीर चिरून घालेपर्यंत आपण ताटावर बसून राहतो, तसं.

शनिवारी ओव्या सांगणाऱ्या आज्ज्यांना शाळेत बोलावले. तेव्हा अक्षराचा प्रश्न आला. संगणकाचे नेहमीचे अक्षर टी. व्ही. वर पट्टीने मोजले तर सहा-सात मिलिमीटर भरते. जवळून वाचता येते, मागच्या भिंतीपाशी बसून नाही. 'कंट्रोल' कळ दाबून धरून माऊसचे चाक पुढे फिरवले की अक्षर मोठे होते. आम्ही इतके मोठे केले की एका वेळी दोनच ओव्या मावत होत्या. खिडकी पण अडवली, कारण उजेड पडद्यावर पडला की काही दिसत नाही. टी. व्ही. खिडकीसमोर कधी ठेवू नये.

एक आज्जी म्हणाली, "माझं नाव हाय का गं त्यात?" तिला वाचता येत नाही. मी पडद्याजवळ जाऊन तिच्या नावाखाली बोट फिरवले. मग ती ओवी मी वाचू लागले, तर तिने मध्येच थांबवले. "तसं न्हाई ते," म्हणाली, आणि एक शब्द बदलून सांगितला. मागच्या मुलांनी तो ऐकताना चुकीचा लिहिला होता. तिथल्या तिथे कीबोर्डवर दुरुस्त केला. त्या दिवशी अशा अकरा ठिकाणी दुरुस्त्या झाल्या. लहान मॉनिटरभोवती सगळ्या आज्ज्या बसू शकल्या नसत्या. ज्या दोघी नाहीत त्यांच्या ओव्या लागल्या तेव्हा मात्र कोणी दुरुस्ती सांगितली नाही. एकजण त्या चालीवर म्हणू लागली आणि बाकीच्या तिच्यामागे म्हणू लागल्या. गुरुजींनी ते मोबाइलवर भरून घेतले. पुढच्या चौथीच्या मुलांनी तेही त्या फाईलजवळ ठेवावे.

थोडे राहिले ते सांगते. ज्यांच्या घरी अजून काचेचा जुना टी. व्ही. आहे त्याला पिवळे, लाल आणि पांढरे असे तीन गोल पोर्ट असतात. पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून आवाज. आताच्या संगणकाला पिवळा पोर्ट नसतो. त्याचीही डबी मिळते, पण अक्षरे फिसकटतात. चित्रपट पाहायला ठीक आहे.

आणि एक मजेचा संगणक आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. तो २०१२ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून काढला. पाकिटात मावेल एवढासा बोर्ड, डबाही नाही, पडदाही नाही. त्याला एच. डी. एम. आय. आहे, टी. व्ही. ला लावायचा. पहिल्या रास्पबेरी पायला तर पिवळा पोर्टही होता, म्हणजे जुना टी. व्ही. सुद्धा चालायचा. २०२० साली त्यांनी कीबोर्डच्या आतच पूर्ण संगणक बसवला. आपल्याकडे शिकायला तो मिळाला तर फार बरे होईल, कारण टी. व्ही. बहुतेक घरी आहे.

वापरून झाल्यावर संगणक आधी 'शट डाउन' करावा आणि पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. मग टी. व्ही. बंद, मग बोर्डाची बटणे, मग दोन्ही प्लग बाहेर. आपल्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून संगणकाचा तास आता सकाळी पहिला ठेवला आहे. निळ्या वायरीचे स्क्रू रोज काढू नयेत, ती लावलेलीच ठेवावी. रिमोट बाईंच्या टेबलाच्या खणात असतो.

(इयत्ता ४ थी)